खुडूक कोंबडीखालचा अमीबा

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा आई पाहुण्यांना सांगायची, "आमची मार्था दवाखान्यात असते." दवाखान्यात म्हणजे नक्की काय करते, असं कोणी विचारलं की ती चहा बघायला आत निघून जायची. एकदा एका चौकस पाहुण्याने मलाच विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "आमांश झालेल्या माणसाच्या शौचातला जंतू काढून बाटलीत वाढवते." ते लोक पुन्हा आले नाहीत, आणि आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनाही मी पहिल्या भेटीत हेच सांगितलं. ते म्हणाले, "वाढवता? मारत नाही?" माणूस विचार करणारा दिसतो, एवढं मला तेव्हाच कळलं.

या नाताळच्या अंकासाठी लिहा म्हणून संपादक माझ्या मागे लागले ते एक अट घालूनच. "बाई, कामाबद्दल लिहा, पण लोक करंज्या खाता खाता अंक वाचतात, एवढं ध्यानात ठेवा." ठेवते. तरीही कोणाला मळमळलं तर त्याने पान उलटावं, मला अजिबात राग नाही.

गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. वसईतल्या एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, तीच आमची प्रयोगशाळा. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेने ती आमांशाच्या अभ्यासासाठी चालवली होती. तिथे माणसं दोन, डॉक्टर सबनीस आणि मी. डॉक्टर शुद्ध शाकाहारी, घरी अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नाही. आणि इथे दिवसभर अंडी फोडायचं काम! पण अंडं फोडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. टरफलाचा कणही आत पडायचा नाही.

अंडी कशाला, ते सांगते. आमांशाचा अमीबा म्हणजे एका पेशीचा जीव. माणसाच्या आतड्यात राहतो, आतडं कुरतडतो आणि माणसाला दिवसातून पंचवीस वेळा मागच्या दारी पळवतो. त्याच्यावरचं औषध शोधायचं तर तो हाताशी जिवंत हवा. म्हणून त्याला काचेत आतड्यासारखं घर करून द्यायचं. अंडी खारट पाण्यात फेटायची, बाटलीत ओतायची, बाटली तिरकी ठेवून वाफ द्यायची. खरवसासारखा थर धरतो. त्यावर मिठाचं पाणी, थोडा रक्तातला निवळ रस, आणि वर चिमूटभर तांदळाचं पीठ. हो, पीठ! आमचा अमीबा भात खाणारा. मग त्यात रोग्याच्या शौचातला थेंब सोडायचा आणि बाटली माणसाच्या अंगाइतक्या उबेत ठेवायची. दोन-तीन दिवसांनी तळाचा थेंब काढून नव्या बाटलीत घालायचा. चुकलं की सगळी वस्ती मेली. तान्ह्या पोराची आणि याची वेळ सारखीच सांभाळावी लागते. फरक इतकाच की पोर निदान रडून सांगतं.

एका रोग्याच्या पोटातून आलेल्या या वस्तीला आम्ही त्याचा वाण म्हणायचो. सूक्ष्मदर्शकाखाली तो काचेसारखा ठिपका आधी एक बोट पुढे करतो, मग सगळं अंग त्या बोटात ओततो. पोटात पिठाचे कण दिसतात. मला तो बघायला आवडायचा. आता लाज कसली, आवडायचा तर आवडायचा.

नमुने आणणाऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. आम्हाला हवा असायचा ताजा, कोमट आणि एवढासा. चंदनसारचे एक सद्गृहस्थ भरलेलं मडकं घेऊन आले. म्हटलं, "काका, एवढं कशाला?" तर म्हणाले, "असू दे, कमी नको पडायला." दुसऱ्या एकाने आदल्या दिवशीचा नमुना बरणीत घालून, ताजा राहावा म्हणून दोरीने विहिरीत सोडून ठेवला होता. गारठ्याने त्यातले अमीबे केव्हाच मेले होते. मी कपाळावर हात मारून विचारलं, "अहो, पाणी त्याच विहिरीचं पिता ना?" तो म्हणाला, "छे छे, ती शेजाऱ्यांची."

हसू येतं, पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जूचंद्रचा एक मिठागरातला मजूर होता. नाव सांगत नाही, त्याची माणसं आहेत. त्याचा वाण आमच्याकडे इतका जोमाने वाढला की डॉक्टर खूश. कोणतं औषध त्याला मारतं हे आम्ही बाटल्यांत शोधत बसलो आणि इकडे रोग त्याच्या यकृतात गेला. आमचं उत्तर यायच्या आत तो गेला. वाण मात्र पुढे कितीतरी दिवस जगला. नव्या बाटलीत पिठाची चिमूट टाकताना मनात यायचं, माणूस गेला आणि त्याला खाणाऱ्याला आपण भरवतोय! डॉक्टरांना बोलून दाखवलं, तर ते चष्मा पुसत बसले.

त्यानंतर हिराबाई आली. पाचूबंदरची कोळीण, मासळी विकणारी. तिला बैलगाडीतून आणून उतरवली तेव्हा अंगावर नुसती कातडी राहिली होती. त्या काळी आमांशावर एमेटिनची इंजेक्शनं द्यायचे. जंतूला मारतात, पण हृदयालाही धक्का देतात. ती दिली की हिराबाईचा आजार प्रत्येक वेळी दबायचा आणि पुन्हा उसळायचा. डॉक्टरांनी तिची नाडी बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मार्थाबाई, आता एमेटिन दिलं तर आमांश जाईल, पण बाईही जाईल."

हिराबाईला मात्र हृदयाची काळजी नव्हती. माघात तिच्या लेकीचं लग्न होतं. ती माझा हात धरून म्हणाली, "बाय, मना मरनाचा भेव नाय. पन पोरीच्या लग्नात मी मांडवात बसू का परसात? आय असून नसल्यासारखी व्हनार. तवढं पोरीचं लगीन बघ पार पडतंय का."

नव्या तीन औषधांच्या गोळ्या मुंबईहून आल्या होत्या, त्याही मोजक्याच. तिन्हींतली कोणती हिराबाईच्या वाणाला मारते ते आधी बाटलीत बघायचं, मग तीच तिला द्यायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. एकामागून एक तिन्ही देऊन बघण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. बोटाएवढ्या बाटल्यांच्या चार जोड्या तयार केल्या. तीन जोड्यांत हिराबाईचे अमीबे आणि एकेक औषध, चौथ्या जोडीत नुसते अमीबे, औषध नाही. ही चौथी जोडी सगळ्यात महत्त्वाची. तिच्यातले जगले आणि औषधवाल्या बाटलीतले मेले, तरच औषधाने मारलं असं म्हणता येतं. चौथ्या जोडीतलेही मेले, तर कशाने मेले देव जाणे, सगळी मेहनत पाण्यात. बाटल्यांसाठी गोळ्या कुटून केलेली पूड दुसऱ्यांदा पुरण्याइतकी नव्हती.

बाटल्या लावून, रबरी बुचांवर मेण ओतून डॉक्टर पुण्याला घरी गेले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी परतायचं, असा बेत.

नाताळच्या आदल्या सकाळी मी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर जमिनीवर पाणी. बाटल्या उबेत ठेवायची आमची उष्मापेटी तांब्याची, दुहेरी भिंतीची. मधे पाणी, खाली रॉकेलचा दिवा. खाऱ्या हवेने सांधा खाल्ला होता आणि पाणी सगळं वाहून गेलं होतं. बाटल्या अजून जेमतेम कोमट होत्या. मुंबईचा दुरुस्तीवाला सुट्टीवर, मोठ्या संस्थेला कुलूप. आणि थंडी तर त्या वर्षी अशी की खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं.

मी शेगडी पेटवली, पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि बाटल्या त्यात उभ्या केल्या. निखारा जरा फुलला की पारा वर, जरा विझला की खाली. थोडी जास्त ऊब लागली तरी अमीबा शिजतो. दुपारपर्यंत मी थर्मामीटरकडे बघून रडकुंडीला आले. आई जेवणाचा डबा घेऊन आली, तिने सगळा तमाशा पाहिला. आमची घरची बोली वेगळी, ती इथे सगळ्यांना कळायची नाही म्हणून साधी करून लिहिते. ती म्हणाली, "अगं, आपली काळी खुडूक बसलीय. नाताळ झाल्यावर तिच्याखाली अंडी ठेवणार होते. तोवर तुझी ही बाळं ठेव."

मी आधी हसले. मग हसू थांबलं. खुडूक कोंबडी दिवसदिवस जागची हलत नाही, आणि तिच्या पोटाखालची ऊब पिलं उतरवते म्हणजे काही थोडीथोडकी नसणार. घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. बाटल्या फडक्यात गुंडाळून कमरेशी खोचल्या आणि धावत गेले. टोपलीत थर्मामीटर सरकवला तेव्हा काळीने माझ्या मनगटाचं मांस काढलं, पण पारा बघितला आणि जीव भांड्यात पडला. आम्हाला हवी होती जवळजवळ तेवढीच ऊब! पेंढ्यावर बाटल्या तिरक्या निजवल्या. काळीने चोचीने एकेक बाटली उलटसुलट करून पाहिली, पोटाखाली ओढली आणि डोळे मिटले. मी तिला मनापासून नमस्कार केला.

नाताळच्या सकाळी आई आणि मी चर्चमध्ये मिस्साला गेलो. परत येतो तो ओट्यावर आत्या. वटारची आमची आत्या, केळीच्या वाडीची मालकीण, दर नाताळला उजाडताच टांग्याने हजर. आम्हाला बघून ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "काय गं तुम्ही! कोंबडी खुळावली तरी लक्ष नाही? औषधाच्या बाटल्या उबवत बसली होती मेली! मी मोडली तिची खुडूक."

आता खुडूक मोडणं म्हणजे काय, हे हल्लीच्या लोकांना सांगायला हवं. कोंबडी उगाच बसून राहिली की अंडी घालणं बंद करते. मग तिला विहिरीच्या गार पाण्यात बुचकळून काढायचं आणि पाय बांधून उन्हात सोडायचं. अंगातली ऊब उतरली की बसायचं वेड जातं. आमच्याकडे कोणतीही शहाणी बाई तेच करते. काळी लिंबाच्या झाडाखाली चिंब भिजून थरथरत उभी होती. आणि बाटल्या? आत्याने त्या स्वच्छ पुसून, नीट ओळीने, वाऱ्याच्या खिडकीत मांडून ठेवल्या होत्या.

देवाच्या घरून नुकतीच आलेली मी, पण तोंडाला येईल ते बोलले. आत्याही गप्प बसणारी नव्हती. "बाटल्या उबवतं का कोणी? मला काय स्वप्न पडलं?" आई दोघींच्या मधे. बाटल्या हाताला गार लागत होत्या. किती वेळ खिडकीत होत्या, आत्याला सांगता येईना. मी त्या पोलक्याच्या आत घातल्या, वरून शाल घेतली आणि दवाखान्याकडे पळत सुटले. माझ्या डोळ्यांपुढे जूचंद्रचा तो माणूस येत होता.

हिराबाई खाटेवर पडून होती. माझं तोंड बघूनच तिने ओळखलं. मी काही लपवलं नाही. कोंबडीचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. रागावेल, रडेल असं वाटलं होतं. ती हसायला लागली. आली तेव्हापासून तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. खोकला येईस्तोवर हसली आणि मग हात पुढे केला. "आन इकडं."

"काय?"

"माजे हायत ना ते? माज्या पोटातले? मंग माज्याच पोटाशी ऱ्हातील. कोंबडी कशाला पायजे?"

मी म्हटलं, "अहो हिराबाई, काच आहे. कूस बदलताना फुटली तर?"

"फुटली तर काय व्हील?" ती म्हणाली. "मना आमांश व्हील?"

मी हात टेकले. बाटल्या फलालीनच्या तुकड्यात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवल्या, लुगड्याच्या ओच्याने बांधल्या, वर दोन घोंगड्या. ती दोन्ही हात पोटावर ठेवून पडली. पण पडून राहणं तिच्या हातात कुठे होतं? पुन्हा पुन्हा उठायची वेळ यायची. मग ती बाटल्या माझ्याकडे द्यायची, मी माझ्या कमरेला लावायची, ती आली की परत तिच्याकडे. माझा तो नाताळ असा गेला. दुपारी आई केक आणि करंज्या घेऊन आली. तिच्यामागून आत्या, काखेत शेजाऱ्यांची एक खुडूक कोंबडी दाबून. माफी वगैरे मागणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. ती फक्त म्हणाली, "ही घ्या. हिला मी पाणी दाखवलेलं नाही." हिराबाईने कोंबडीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे आत्याबाय, आता मीच बसलंय." तेव्हा आत्याही हसली. मग तीच पायथ्याशी बसून हिराबाईचे गार पडलेले तळवे चोळत राहिली. कोंबडी खाटेखाली बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी चौथी जोडी घेतली, औषध नसलेली. मेण काढलं, तळाचा थेंब काचेवर घेतला, बघितलं. बराच वेळ बघितलं. "काही हालत नाही," म्हणाले. दुसरा थेंब घेतला. काच तळहाताने ऊब देऊन पुन्हा लावली. मी भिंतीला टेकून उभी होते. आणि मग त्यांनी मान वर न करता हळूच म्हटलं, "मार्थाबाई, बोट काढलं."

मी डोळा लावला. खरंच! एकाने बोट पुढे केलं होतं, मग बाजूच्याने. जरा ऊब लागताच सगळी वस्ती आळस देऊन निघाल्यासारखी चालायला लागली. मला रडू फुटलं. रोगाचा जंतू जिवंत बघून रडणारी मी एकटीच असेन.

मग औषधाच्या बाटल्या. पहिल्या दोन औषधांत अमीबे खुशाल फिरत होते. तिसऱ्यात सगळे गोल होऊन पडलेले. ऊब दिली, वाट पाहिली, कोणी हलेना. गारठा सगळ्यांनी सारखाच सोसला होता, कोंबडीही एकच आणि पोटही एकच. म्हणजे यांना औषधानेच मारलं. तरी खात्रीसाठी त्यातला थेंब नव्या अंड्यावर घालून दोन दिवस ठेवायला हवा होता. पेटी बंदच. या वेळी त्या बाटल्या डॉक्टरांनी स्वतःच्या स्वेटरच्या आत, जानव्याला लागून बांधल्या. त्यांच्या घरी हे कळलं असतं तर काय झालं असतं, देवच जाणे. दोन दिवसांनी नव्या बाटल्यांत एकही जिवंत सापडला नाही.

हिराबाईने विचारलं, "मेले?"

डॉक्टर म्हणाले, "बाटलीत मेले, हिराबाई. पोटात मरतीलच असं मी सांगू शकत नाही. पण आता अंधारात तीर मारत नाही, एवढं नक्की."

तिने त्या गोळ्या घेतल्या. पहिले काही दिवस फरक दिसेना, तेव्हा आमच्या दोघांच्या जेवणावरची वासना उडाली होती. मग रक्त थांबलं. मग ती रात्रभर झोपायला लागली. मी तिचा नमुना रोज तपासायची, सापडू नये म्हणत शोधायची. शेवटी अंड्यावर घालूनही काही उगवेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला घरी जायला सांगितलं. त्यांनी पुढे या कामावर जो निबंध लिहिला त्यात "बाटल्या योग्य तापमानात ठेवण्यात आल्या" एवढंच वाक्य आहे. मी विचारलं, "डॉक्टर, कोंबडी?" ते म्हणाले, "मार्थाबाई, माझी नोकरी नवी आहे." काळीचं नाव तिथे यायला हवं होतं, हे माझं मत आजही कायम आहे.

लग्नाला डॉक्टरांना आणि मला मानाचं बोलावणं होतं. पाचूबंदरचा मांडव, वाळूत पंगती, समोर होड्या. डॉक्टरांसाठी वरणभात वेगळा केला होता. हिराबाई नवं लुगडं नेसून विहिणींच्या मधे जेवायला बसली होती. सगळ्यांसारखंच तिच्या पानावर सुकटीचं तिखट कालवण वाढलं होतं. ते बघून माझा घास हातातच राहिला. मांडवाच्या मागे परसाची वाट होती. माझी नजर एकदा तिच्यावर, एकदा त्या वाटेवर. डॉक्टरही तिकडेच बघत होते, वरणात भात कालवत, न खाता. ती विहिणीशी मोठमोठ्याने बोलत होती, वाढणाऱ्यावर ओरडत होती, आणखी भात मागून घेत होती. वाजंत्री लागली, पहिली पंगत हात धुवायला उठली, तरी ती बोटं चाटत तिथेच बसली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "जेवा आता, मार्थाबाई," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिला घास घेतला.